झ्युरिकच्या मुख्य स्टेशनात पहिल्यांदा उतरताना: आधी फलाटाचा आकडा वाचा

झ्युरिकला नोकरीसाठी, शिकायला किंवा चार दिवस फिरायला या, पहिल्याच दिवशी शहराच्या मुख्य रेल्वे स्टेशनाशी गाठ पडतेच. पाट्यांवर 'झ्युरिक एचबी' लिहिलेलं असतं, बोलताना लोक नुसतं 'एचबी' म्हणतात. रोज चार लाखांहून जास्त माणसं इथून ये-जा करतात आणि शहराची लोकसंख्याही साधारण तेवढ्याच घरात आहे. म्हणजे गर्दी असतेच. पण नवा माणूस इथे गोंधळतो तो गर्दीमुळे नाही. हे एक स्टेशन दिसतं, पण प्रत्यक्षात ती एकाखाली एक आणि एकाशेजारी एक अशी चार स्टेशनं आहेत, आणि हे आधी कोणी सांगत नाही. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. झ्युरिक तळ्याकाठचं शहर असलं तरी स्टेशन तळ्याकाठी नाही. ते लिमात आणि झील या दोन नद्यांच्या मधे आहे. तळं तिथून दक्षिणेला, चालत वीसेक मिनिटांवर. स्टेशनाबाहेर पडल्यावर समोर पाणी दिसलं तर ती लिमात नदी आहे. तळं समजून फोटो काढून घरी पाठवणारे बरेच आहेत.

विमानतळावर असतानाच तिकिटाचं बघून घ्या

विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून एचबीला १० ते १२ मिनिटं लागतात. गाड्या इतक्या वारंवार असतात की वेळापत्रक बघत बसायची गरज नाही. बोर्डावर 'झ्युरिक एचबी' दिसेल ती पकडा. ट्रॅम क्रमांक १० सुद्धा विमानतळावरून एचबीला येते, पण तिला अर्ध्या तासाच्या वर लागतो. हातात बॅगा असतील तर ट्रेनच बरी.

स्टेशनात शिरताना कुठेही फाटक नाही, तिकीट दाखवून आत सोडणारं कोणी नाही. याचा अर्थ तपासणी होत नाही असा अजिबात नाही. साध्या कपड्यांतले तपासनीसही असतात, आणि तिकीट नसेल तर दंड १०० फ्रँकांच्या घरात जातो. 'मला माहीत नव्हतं' हे कारण इथे चालत नाही, पासपोर्ट कुठलाही असो.

तिकीट गाडीचं नसतं, झोनचं असतं. झ्युरिक आणि आजूबाजूच्या प्रदेशात १९९० पासून झेडव्हीव्ही नावाची एकत्रित व्यवस्था आहे. एकाच तिकिटावर लोकल, ट्रॅम, बस आणि तळ्यातली बोटसुद्धा चालते, मग ती चालवणारी कंपनी कुठलीही असो. झ्युरिक शहर म्हणजे झोन ११०, विमानतळ म्हणजे झोन १२१. गंमत अशी की ११० हा झोन दरासाठी दोन झोन म्हणून मोजतात. त्यामुळे विमानतळ ते शहर या दोन झोनांच्या प्रवासाला तीन झोनांचं भाडं पडतं. मशीनवर ३ हा आकडा दिसला तर मशीन चुकलेलं नाही.

आता पैसे वाचवणारी गोष्ट. त्याच झोनांचं २४ तासांचं तिकीट दोन एकेरी तिकिटांएवढ्याच किमतीला मिळतं. विमानतळावरून शहरात आलात आणि २४ तासांत आणखी दोनदा तरी वेगवेगळ्या वेळी ट्रॅममध्ये बसणार असाल, तर २४ तासांचं घेणं शहाणपणाचं. ते घड्याळाचे २४ तास चालतं. दुपारी ३ ला घेतलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी ३ पर्यंत. शहराच्या झोनचं साधं एकेरी तिकीट एक तास चालतं, तेवढ्या वेळात हव्या तितक्या गाड्या बदला. दोन-चार थांब्यांच्या प्रवासासाठी आणखी स्वस्त, अर्ध्या तासाचं तिकीट मिळतं, पण ते कुठून कुठपर्यंत चालेल हे थांब्यावरच्या मशीनवर बघूनच घ्यायचं.

मशीनवर इंग्रजी भाषा निवडता येते आणि भारतातली कार्डं साधारणपणे चालतात. जपून राहायचं ते एकाच ठिकाणी. मशीन अर्ध्या किमतीचं तिकीटही दाखवतं आणि नवा माणूस स्वस्त दिसतं म्हणून ते दाबतो. ती सवलत ज्यांच्याकडे 'हाल्बटाक्स' नावाचं वार्षिक कार्ड आहे त्यांच्यासाठी, आणि मुलांसाठी. कार्ड नसताना असं तिकीट घेतलं, तर तपासनीस आल्यावर नेहमीच्या दराचं तिकीट नाही म्हणून पावती फाटते. इथे वर्षभर राहणार असाल तर मात्र हे कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. बर्न किंवा जिनिव्हाच्या काही फेऱ्यांतच ते वसूल होतं. ६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ६ ते १६ वयाच्या स्वतःच्या मुलांसाठी वर्षाला ३० फ्रँकांचं ज्युनियर कार्ड मिळतं. त्यावर ती आईबाबांबरोबर फुकट प्रवास करतात. कुटुंबासह आलेल्यांनी हे आधी करून टाकावं, नंतर हिशोब करताना हळहळ वाटते.

एसबीबी, म्हणजे स्विस रेल्वे, हिचं ॲप फोनवर घ्या. वेळापत्रक, फलाट, उशीर, तिकीट, सगळं त्यात आहे. ॲपवरचं तिकीट गाडी सुटायच्या आधी काढलेलं असावं लागतं. तपासनीस समोर दिसल्यावर काढलेलं चालत नाही, आणि तिकिटावर वेळ छापलेली असते हे तो पहिलं बघतो.

फलाटाचा आकडा म्हणजे पत्ता

इथे जरा थांबून वाचा, कारण खरी मेख इथेच आहे. एचबीला २६ रूळ आहेत, पण १ ते २६ असे ओळीने शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. आकडे गटागटांत आहेत: ३ ते १८, २१-२२, ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४. मधले आकडे नाहीतच. पाटीवर 'ग्लाइस' लिहिलेलं असतं, म्हणजे रुळाचा क्रमांक. एकाच फलाटाच्या दोन कडांना दोन क्रमांक असतात, हेही लक्षात ठेवा. पहिला अंक बघितला की कुठे जायचं ते कळतं.

३ ते १८ हे जमिनीवरचे. जुन्या मोठ्या इमारतीच्या मागे छताखाली १६ रूळ ओळीने येऊन संपतात, आपल्या सीएसएमटीसारखे. गाडी येते, थांबते आणि आली त्याच बाजूने परत निघते. इथून कूर, मिलान, म्युनिक, व्हिएन्नासारख्या लांबच्या गाड्या सुटतात. बासेलहून कूरला जाणारी गाडी इथे थांबून उलट्या दिशेने निघते. तुम्ही आतच बसला असाल तर आपण परत बासेलला चाललो की काय असं वाटून उठू नका. गाडीचं तोंड बदललं, रस्ता बरोबरच आहे.

४१ ते ४४ हे उत्तरेच्या बाजूला, राष्ट्रीय संग्रहालयाच्या अंगाला, जमिनीखाली. १९९० मध्ये झ्युरिकची लोकल, म्हणजे 'एस-बान', सुरू झाली तेव्हा हे बांधले. इथून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या बोगद्यातून श्टाडेलहोफेन या स्टेशनला निघतात. एस३, एस५, एस६, एस७, एस९, एस१२, एस१५ अशा बहुतेक लोकल इथल्या.

३१ ते ३४ हे दक्षिणेच्या बाजूला, आणखी खोल. जून २०१४ मध्ये उघडले. यांच्या डोक्यावर जमिनीवरचे रूळ आहेत आणि झील नदीसुद्धा. नदी स्टेशनाच्या खालून वाहते आणि हे फलाट नदीच्याही खाली. सरकत्या जिन्याने उतरताना जिना संपतच नाही असं वाटतं त्याचं कारण हेच. इथून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या जवळजवळ ५ किलोमीटरच्या बोगद्यातून ओर्लिकोनला निघतात. एस२, एस८, एस१४ या लोकल आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे आरपार जाणाऱ्या काही इंटरसिटी इथे लागतात.

म्हणजे पूर्वेकडे जायचं असेल तर साधं सूत्र: ४ ने सुरू होणारा आकडा श्टाडेलहोफेनकडे, ३ ने सुरू होणारा दोन अंकी आकडा ओर्लिकोनकडे. (नुसता ३ म्हणजे जमिनीवरचा फलाट, तो वेगळा.) विमानतळ ओर्लिकोनच्या पलीकडे आहे, त्यामुळे ३१-३४ वरून तिकडच्या बऱ्याच गाड्या मिळतात. मात्र काही जमिनीवरूनही सुटतात, तेव्हा प्रत्येक वेळी बोर्ड बघा.

राहिले २१ आणि २२. हे स्टेशनाच्या आग्नेय कोपऱ्यात, भुयारी बाजाराच्या खाली लपलेले आहेत आणि नव्या माणसाला सगळ्यांत उशिरा सापडतात. झ्युरिकला एकदा भुयारी मेट्रो करायची ठरली होती. तिच्यासाठी स्टेशनाची जागा आधीच खोदून ठेवली, आणि १९७३ मध्ये मतदारांनी मेट्रोच नाकारली. ती पोकळी कित्येक वर्षं तशीच पडून होती. १९९० मध्ये तिथे झील खोऱ्यात जाणारी एस४ आणि युट्लीबेर्गच्या डोंगरावर जाणारी एस१० आणली. डोंगरावर जायचं म्हणून लोक वर चढून गाडी शोधतात, आणि डोंगराची गाडी निघते तळघरातून.

बोर्ड वाचताना

भिंतीवरचे कागदी तक्ते दोन रंगांचे असतात. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. पिवळाच बघायचा. मोठ्या निळ्या बोर्डावर वेळ, गाडीचा क्रमांक, शेवटचं स्टेशन, वाटेतली ठळक स्टेशनं आणि फलाट इतकं दिसतं. तुमचं स्टेशन नावानिशी दिसलं नाही तर गाडीचा क्रमांक ॲपमध्ये जुळवा. छोटी स्टेशनं बोर्डावर मावत नाहीत.

फलाटावर उतरलात की वर लटकलेल्या पाट्यांवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिसतील. गाडीचे डबे कुठल्या अक्षरापाशी थांबणार ते फलाटावरच्या स्क्रीनवर चित्राने दाखवतात. दुपारच्या आणि रात्रीच्या लोकल बऱ्याचदा कमी डब्यांच्या असतात आणि लांबलचक फलाटाच्या एकाच भागात थांबतात; तुम्ही भलत्याच टोकाला उभे असाल तर शेवटी पळायची वेळ येते. काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत विभागल्या जातात, पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्या गावाला. अशा गाडीत डब्याच्या बाहेर आणि आत लावलेल्या स्क्रीनवर त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. बसल्यावर एकदा वर नजर टाका.

डब्याच्या दारांवर पिवळा पट्टा असेल तर तो पहिला वर्ग. दारापाशी मोठा १ किंवा २ असा आकडाही असतो. देशांतर्गत गाड्यांत जागा राखून ठेवायची गरज नसते, जिथे मोकळी जागा तिथे बसा. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं आणि दाराच्या बाजूला उभं राहायचं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात, डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी. डावीकडे बॅग ठेवून उभं राहिलात तर कोणी काही बोलणार नाही, पण मागे रांग साचेल आणि ती रांग तुमच्याकडे बघत असेल.

गाडी बदलायला किती वेळ धरायचा

ॲप जोडगाडी सुचवताना चालायचा वेळ धरूनच सुचवतं, त्यामुळे रोजच्या माणसाला तेवढा पुरतो. पहिल्यांदा आलेल्याने मात्र स्वतःचा हिशोब करावा. जमिनीवरच्या एका फलाटावरून शेजारच्या फलाटावर जायला दोन-तीन मिनिटं पुरतात. ४१-४४ वरून ३१-३४ ला, बॅगा घेऊन, ८ ते १० मिनिटं धरा. एका भूमिगत फलाटावरून वर यायचं, आडवं चालायचं आणि पुन्हा खाली उतरायचं असा तो रस्ता आहे. २१-२२ गाठायचे असतील तर १० च्या खाली धरूच नका. लहान मूल किंवा व्हीलचेअर असेल तर लिफ्ट सगळीकडे आहेत, पण त्या फलाटाच्या ठरावीक भागातच उघडतात आणि रांग असते.

स्वित्झर्लंडात १९८२ पासून ठोक्यांचं वेळापत्रक आहे. प्रत्येक मार्गावरची गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते, मोठ्या मार्गांवर दर अर्ध्या तासाला. झ्युरिकसारख्या मोठ्या स्टेशनांत गाड्या तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या जरा आधी येतात आणि जरा नंतर सुटतात, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे बदलता येतं. याचा परिणाम असा की दर अर्ध्या तासाला दहा-पंधरा मिनिटं स्टेशनात पूर येतो, आणि मग एकदम ओसरतो. फोनवर बोलायला, कॉफी घ्यायला किंवा फलाट शोधायचा सराव करायला सव्वा आणि पाऊण या वेळा चांगल्या. बर्नला जाणारी इंटरसिटी तासाच्या आत, ५६ मिनिटांत पोचते. एक चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी आहे, तेव्हा जिन्यावरून धावत पाय मुरगळून घेण्यात अर्थ नाही.

फलाटावरचं घड्याळ नीट बघा. हान्स हिल्फिकर या स्विस रेल्वेतल्या अभियंत्याने १९४४ मध्ये ते रेखाटलं; लाल सेकंदकाटा नंतर आला. हा काटा साधारण ५८ सेकंदांत फेरी पूर्ण करतो, बाराच्या जागी क्षणभर थांबतो आणि मिनिटकाटा पुढे सरकला की पुन्हा निघतो. सगळ्या स्टेशनांतली घड्याळं एकाच मिनिटाच्या इशाऱ्यावर चालावीत म्हणून ही योजना आहे. प्रवाशासाठी याचा अर्थ सरळ आहे: वेळापत्रकातली वेळ म्हणजे चाकं हलायची वेळ. दारं त्याच्या काही सेकंद आधीच बंद होतात. ८.०२ ची गाडी ८.०२ ला पकडता येत नाही.

बाहेर कुठून पडायचं

'एचबीला भेटू' असं कोणी म्हणालं तर 'एचबीला कुठे' हे विचाराच. सोपी जागा म्हणजे फलाटांच्या टोकाशी असलेलं मोठं घड्याळ; तिथे भेटायची जागा म्हणून पाटीच आहे. दुसरी खूण मोठ्या दालनात छताला टांगलेली रंगीबेरंगी, जाडजूड देवदूताची मूर्ती. निकी द सँ फाल या शिल्पकार बाईंनी केलेली ही मूर्ती १९९७ पासून तिथे आहे, उंची दहा मीटरच्या वर. स्विस रेल्वेला १५० वर्षं झाली त्या निमित्ताने ती लावली. १८४७ मध्ये झ्युरिक ते बाडेन ही देशातल्या देशात धावणारी पहिली गाडी इथूनच निघाली होती. आत्ताची दगडी इमारत मात्र १८७१ ची.

दक्षिणेच्या मोठ्या दाराने बाहेर पडलात की बानहोफप्लाट्झ हा चौक लागतो. मधोमध कारंजावर उभा पुतळा आल्फ्रेड एशर यांचा, आल्प्स ओलांडणाऱ्या गोथार्डच्या रेल्वेमागचा माणूस. ते उभे आहेत तिथूनच बानहोफश्ट्रासे हा प्रसिद्ध रस्ता सुरू होतो. जुन्या गावात, दुकानांकडे, तळ्याकडे जाणाऱ्यांनी या दाराने निघावं. पूर्वेचं दार लिमात नदीकडे उघडतं; पूल ओलांडला की सेंट्राल हा चौक, आणि तिथून १८८९ पासून चालणारी छोटी लाल पोलीबान टेकडीवर ईटीएच विद्यापीठाच्या दारात नेऊन सोडते. ईटीएचला आलेल्या मुलामुलींनो, शहराच्या झोनचं तिकीट तिलाही चालतं, बॅगा घेऊन ती चढण चालत चढू नका. उत्तरेला राष्ट्रीय संग्रहालय, बाहेरून किल्ल्यासारखं दिसणारं. नैर्ऋत्येला यूरोपाआले, काचेच्या नव्या इमारती आणि बऱ्याच आयटी कंपन्यांची ऑफिसं. चुकीच्या दाराने निघालात तर स्टेशनाला वळसा घालायलाच दहा मिनिटं जातात. म्हणून वर येण्याआधी, भुयारातच, पाट्यांवर आपल्या दिशेचं नाव बघून ठेवायचं.

ट्रॅमचं तसंच आहे. 'एचबी' नावाचा ट्रॅमचा एकच थांबा नाही. बानहोफप्लाट्झ/एचबी, बानहोफश्ट्रासे/एचबी, बानहोफक्वाई/एचबी, झील्क्वाई/एचबी आणि झीलपोस्ट/एचबी असे वेगवेगळे थांबे स्टेशनाभोवती पसरलेले आहेत. ॲपमध्ये थांब्याचं पूर्ण नाव येतं, तिरक्या रेघेच्या आधीचा भाग वाचल्याशिवाय चालायला लागू नका. चौकातल्या थांब्यांवर जायला शॉपव्हिल या भुयारी बाजारातून वर येणारे जिने आहेत, आणि प्रत्येक जिन्यापाशी ट्रॅमचे क्रमांक लिहिलेले असतात.

तळ्यापर्यंत

चालणं उत्तम. बानहोफश्ट्रासे धरून सरळ दक्षिणेला गेलं की सव्वा-दीड किलोमीटरवर ब्युर्क्लीप्लाट्झ, तिथेच बोटींचा धक्का. त्या रस्त्यावर गाड्या जवळजवळ नाहीत, पण ट्रॅम आहेत आणि त्या आवाज न करता येतात. दुकानांच्या काचा बघत रुळांवर उतरू नका.

पाऊस असेल किंवा पाय दुखत असतील तर ४१-४४ वरून श्टाडेलहोफेनला जाणारी कुठलीही लोकल घ्या. दोन-तीन मिनिटांचा प्रवास, आणि बाहेर पडून ऑपेराचं मैदान ओलांडलं की पाणी. ही युक्ती इथे राहणारे रोज वापरतात.

बोटींना झेडव्हीव्हीचंच तिकीट चालतं, फक्त त्यात बोट ज्या झोनांतून जाणार ते असायला हवेत. उन्हाळ्याच्या महिन्यांत संग्रहालयाजवळच्या धक्क्यावरून, म्हणजे स्टेशनाच्या अगदी मागून, बसक्या काचेच्या छताची छोटी बोट लिमातमधून पुलांखालून थेट तळ्यात जाते. पहिल्याच दिवशी वेळ असेल तर मी पाहुण्यांना हीच सुचवतो.

युट्लीबेर्गला जायचं तर २१-२२ वरून एस१०, वीसेक मिनिटं, वर उतरून माथ्यापर्यंत दहा मिनिटांची चढण. शहराच्या झोनचं तिकीट तिथे पुरत नाही, पुढचा झोन जोडावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरात शहरावर दिवसेंदिवस धुकं बसून राहतं आणि माणूस कंटाळतो. अशा वेळी पुष्कळदा वर लख्ख ऊन आणि खाली धुक्याचा सपाट पांढरा थर असतो. घरून निघण्याआधी माथ्यावरचा वेबकॅम बघून घ्यायचा.

रविवारची सोय आणि बाकी किडूकमिडूक

रविवारी झ्युरिकची दुकानं बंद असतात. शनिवारी किराणा भरायचा राहिला तर स्टेशनाकडे धाव घ्यायची, कारण इथली दुकानं रोज उघडी असतात. रविवारी संध्याकाळी तिथल्या सुपरमार्केटात दूध आणि पाव घेणाऱ्यांची जी रांग लागते तिच्यात निम्मे तरी कुठल्याच गाडीने जाणारे नसतात. औषधाचं दुकानही आत आहे, आणि वेळ न ठरवता दाखवता येईल असा दवाखानाही. नव्याने आलेल्यांना अजून डॉक्टर मिळालेला नसतो, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. स्वच्छतागृहाला पैसे पडतात. पाणी मात्र विकत घेऊ नका: शहरात हजाराहून जास्त कारंजी आहेत आणि पाटी लावून मनाई केलेली नसेल तर त्यांचं पाणी पिण्याचं असतं. बाटली भरून घ्या.

सामान ठेवायला खालच्या मजल्यावर लॉकर आहेत. लॉकरचा क्रमांक आणि जवळच्या जिन्याचं नाव यांचा फोटो काढून ठेवा. परत येताना लॉकर सापडत नाही, ही तक्रार सगळेच करतात. फलाटावर सिगारेट फक्त आखून दिलेल्या जागीच ओढता येते.

सायकल असणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये चांगली सोय झाली. स्टेशनाच्या खाली एक बोगदा काही दशकांपूर्वी महामार्गासाठी बांधून ठेवलेला होता, महामार्ग काही झाला नाही. आता तो फक्त सायकलींसाठी उघडला आहे, आणि त्यालाच जोडून हजारावर सायकलींचा तळ आहे. मेट्रोच्या पोकळीत लोकल, महामार्गाच्या बोगद्यात सायकली. इथे खोदलेलं वाया घालवत नाहीत.

देशाबाहेर जाताना

पॅरिसची टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी, साधारण चार तासांत जाते, म्युनिकची गाडी साडेतीन ते चार तासांत. व्हिएन्ना, बर्लिन आणि हाम्बुर्गला रात्रीच्या शयनयान गाड्या आहेत. टीजीव्हीला आणि रात्रीच्या गाड्यांना आरक्षण लागतंच, नुसतं तिकीट पुरत नाही. स्वस्तातलं सवलतीचं तिकीट त्याच ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं; तुमच्या चुकीने ती चुकली तर ते तिकीट गेलं. सीमेपलीकडे तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट आणि इथे राहण्याचा परवाना खिशात हवा, घरच्या कपाटात नको.

लांब पल्ल्याच्या बसगाड्या रेल्वे स्टेशनातून सुटत नाहीत. फ्लिक्सबससारख्या गाड्यांचा तळ झील्क्वाईच्या बाजूला, स्टेशनाच्या मागे उघड्यावर आहे. बानहोफप्लाट्झच्या दारापाशी बसची वाट बघत उभे राहाल तर बस तिकडून निघून जाईल. उत्तर-पश्चिमेच्या दाराने बाहेर पडायचं, बसच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. तिथे निवारा जेमतेम आहे, थंडीच्या दिवसांत जायचं असेल तर टोपी-हातमोजे बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.